फटफटी गार होईस्तवर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे, कापूरहोळच्या फाट्यावर चिंचेखाली बसून एक फटफटी गार व्हायची वाट बघितली.

लोक एसटीची वाट बघतात, पाहुण्याची बघतात. आम्ही लोखंड निवायची वाट बघत होतो. रस्त्यानं जाणारे ट्रकवाले मान बाहेर काढून हसत होते. हिनं फडक्यातली भाकरी सोडली, त्यावर ठेचा ठेवला आणि माझ्यापुढं सारून म्हणाली, "खावा सावकाश. त्येला घाई आसंल, आपल्याला न्हाई."

'त्येला' म्हणजे मिस्तरीला. फटफटी विकायला काढली होती ती त्यानं. बिचारा गॅरेजमधून बाहेर यायचा, आमच्याकडं बघायचा आणि पुन्हा आत जायचा.

झालं असं की, आम्ही गेल्या गेल्या मिस्तरीनं, "या मावशी, या काका," करून फटफटीला एक किक मारली. पहिल्या किकेलाच धडधडली. मिस्तरीनं छाती फुगवली. "बघा! एका किकंत!"

हिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढं झाली आणि बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा तळहात सरळ इंजनावर ठेवला. पोळला असणार, चांगलाच पोळला असणार. हात पदरात घेतला आणि म्हणाली, "आमी यायच्या आदी पळवून आनलीस व्हय रं?"

"न्हाई वो मावशी. उनात उबी हुती, म्हनून तापलीय."

"उनात माजं डोस्कंबी हाय. ते येवडं तापलं न्हाई."

मग हिनं त्याला समजावून सांगितलं. लंगडणारा बैल विकायचा असला की दलाल गिऱ्हाईक यायच्या आधी त्याला कोसभर चालवून आणतो. अंग गरम झालं की लंगडणं लपतं. बैल घरी नेऊन बांधला, गार झाला, की दुसऱ्या दिवशी तीन पायांवर उभा. "गार झाल्यावर लंगडतंय का बगू," म्हणाली, आणि चिंचेखाली जाऊन बसली. तांब्यातलं पाणी प्यायला ठेवायचं सोडून त्यात पोळलेली बोटं घालून बसली.

हिचं नाव मी लिहीत नाही. बायकोला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नव्हती, आणि आता मारून उपयोग नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीपण चौथी पुरी नाही. तेव्हा जसं आठवेल तसं लिहितो. पुढचं मागं झालं तर झालं.

हिचा बाप भोंगवलीचा. बैलांचा पारखी. त्याला पोरगा नव्हता, म्हणून तो हिलाच बोटाला धरून बाजारात न्यायचा. बाकीच्या पोरी सागरगोटे खेळत होत्या तेव्हा ही बैलाच्या तोंडात हात घालून दात मोजत होती. त्याचा परिणाम जन्मभर राहिला. हिला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसायच्या. एक, दावणीला बांधण्यासारख्या. दुसऱ्या, बाजारात परत न्यायच्या. माणसं, भांडी, छत्र्या, पुढारी, सगळं ह्या दोनांत बसायचं. पुढारी बहुतेक दुसऱ्यात.

मला बघायला बाप-लेक दोघं आले होते. मी तेव्हा फौजेतून रजेवर होतो, मिशा पिळून बसलो होतो. बापानं काहीतरी विनोद केला, मी हसलो. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं, तो विनोद माझे दात दिसावेत म्हणून होता. हिनं घरी जाऊन सांगितलं, "दात बरं हायती. चाल वाईट हाय, पर शेतात किती चालायचंय?" एवढ्यावर माझं लग्न झालं.

एसटीत चढायच्या आधी ही गाडीला एक फेरी घालायची. चाकांना हात लावायची, टायरांकडं वाकून बघायची. एकदा कंडक्टर वैतागला. "आवो आजी, गाडी इकायची न्हाई!"

"इकाया काडली तरी घेनार कोन?" ही म्हणाली आणि तिकीट काढून पुढच्या बाकावर जाऊन बसली.

लेकीच्या वेळची गोष्ट तर अजून भावकीत सांगतात. पोरगा पालीचा, राजगडाच्या पायथ्याचा. बघायला आले. पोरगा चहाची बशी तोंडाला लावून बसलेला, आणि हिनं त्याच्या पाठीमागं तांब्याचं घंगाळ धाडकन फरशीवर सोडलं. पोरगा हातभर उडाला. चहा नव्या लेंग्यावर. त्याचा बाप उठून उभा राहिला. मी हात जोडायला लागलो. ही शांत. आत येऊन मला म्हणाली, "दचाकला. कान शाबूत हायती. मान वळवून मागं बगितलं, पर शिंग उगारलं न्हाई. देऊन टाका पोरगी."

दिली. आणि सांगायला हरकत नाही, जावई खरोखर चांगला निघाला. हिला लई अभिमान होता त्याचा. म्हणायची, घंगाळाला एक पोचा आला, पण जावई मिळाला.

आता फटफटी कशाला हवी होती ते सांगतो. साठीला टेकलेली दोन माणसं फटफटी बघत हिंडतात म्हटल्यावर गाव हसणारच. माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो आमच्या भावकीचा बिनपगारी हायकोर्ट. त्यानं चावडीवर निकाल दिला, "म्हातारपनी ह्येंना पंख फुटल्यात." पण कारण काय ते त्याला ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं.

आमच्यात रीत अशी की, लेकीला मूल होत नाही तोवर आई-बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. अन्न तर नाहीच. आता पुष्कळांनी ती सोडली होती. काही जण चार आणे ठेवून पाणी पितात. म्हणजे रीतही राहते आणि घसाही ओला होतो. मी हिला ते सुचवलं होतं. तर माझ्यावरच उसळली. "लेकीच्या घरात पानी इकत घ्यू? ती काय हाटेल घालून बसलीय?"

लेकीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

आणि पालीला जायचं म्हणजे मुक्काम आलाच. एसटी संध्याकाळी मार्गासनीला सोडायची, तिथून पुढं पायी, आणि परतीची गाडी थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. तहान-भूक मारून एक दिवस काढता येतो. रात्र आणि सकाळ कशी काढणार? तर हिनं काढली. एकदा घरून कळशीभर पाणी आणि भाकरीचं गाठोडं घेऊन गेली, मलाही नेलं, आणि लेकीच्या घरापासून चार हातांवर देवीच्या देवळात जाऊन उतरली. देवळात! लेकीचं घर समोर दिसतंय, चुलीचा धूर दिसतोय, आणि आम्ही दोघं यात्रेकरूसारखी खांबाला टेकून बसलोय. सारी पाली बघायला आली.

लेक तांब्या घेऊन आली. "आई, घरात चल."

"नगं गं. हितं वारं बरं हाय."

"मंग निदान पानी तरी पी."

"आनलंय की घरनं."

लेकीनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "मला मूल न्हाई, म्हनून माज्या हातचं पानीबी वंगाळ झालं व्हय?"

बैलाच्या दातांवरून तासभर बोलू शकणारी बाई कळशीवरचं फडकं सारखं करत बसली. दुसऱ्या दिवशी मार्गासनीच्या वाटेवर, माझ्यापुढं चालता चालता, मागं न बघता म्हणाली, "म्या पानी प्याले म्हंजी म्याच म्हनले की हिला आता काय व्हत न्हाई. समद्या गावानं म्हनावं. आईनं कशापायी म्हनायचं?"

ह्याला उत्तर आलं ते विहीणबाईंचं.

त्यांचा निरोप आला, "लेकीला भेटायचं तर घरात यावं. न्हाईतर देवळातल्या देवीलाच लेक म्हनावं." त्यांचंही चुकलं नाही. दारात आलेली विहीण देवळात झोपते म्हटल्यावर त्यांची काय अब्रू राहिली? त्यानंतर त्यांनी लेकीला माहेरीही धाडलं नाही. कधी भात लावायचा असायचा, कधी झोडायचा असायचा, कधी म्हैस व्यालेली असायची. दोन वर्षं अशीच गेली. मी एकटा जाऊन येतो म्हटलं, तर म्हणायची, "तुमी जाऊन काय बगनार? तुमाला दिसतंय का कायबी?"

मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "आवो, तुमी फौजेत ते फटफटी का काय चालवत हुता न्हवं?"

चालवत होतो. लढाईच्या दिवसांत फटफटीवरून चिठ्ठ्या पोचवायचं काम होतं माझं. पण त्याला तीस वर्षं झाली होती.

"सकाळी निगून दोन तासांत पालीत. लेकीला बगायचं, बोलायचं, दिस मावळायच्या आत माघारी. एक दिस पानी न्हाई प्यालं तर मानूस मरत न्हाई. विहीन घरात या म्हनती, तर घरातबी बसू." सगळा हिशेब मनात जुळवून मगच बोलत होती ती.

म्हैस विकली आणि आम्ही फटफटीच्या शोधाला लागलो. चालवणं माझ्याकडं, पारखणं हिच्याकडं, अशी वाटणी ठरलेली. मला वाटलं होतं आठवड्यात होईल. सहा महिने गेले.

भोरला एका वकिलाची होती. नवी, चकचकीत. मी चालवून बघितली, लोण्यासारखी. ही टाकीभोवती फिरली आणि डाव्या बाजूला थांबली. तिथं एक खळगा होता.

"डाव्या अंगाला भवरा हाय," म्हणाली.

वकील म्हणाला, "अहो बाई, तो गोठ्याच्या दाराला आपटून पडलाय."

"कशानं का पडंना. डाव्या अंगाच्या भवऱ्याचं जनावर मालकाला टिकू देत न्हाई."

वकिलानं अर्धा तास बाजू मांडली. लोखंडाला केस नसतात, केस नसले की भोवरा नसतो, इथपर्यंत मुद्दा आणला. ही ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मंग तुमी का इकताय?" आम्ही एसटीनं घरी आलो. मी दोन दिवस हिच्याशी बोललो नाही. हिच्या ते ध्यानातही आलं नाही.

तर, कापूरहोळची फटफटी. ही जुनी होती. कुणा साहेबानं तिच्यावर बसून सारा देश पालथा घातला होता म्हणे. मागं दोन्ही अंगांना सामान बांधायच्या लोखंडी चौकटी, पुढं मोठी काच, रंग कुठं आहे कुठं नाही. गार व्हायची वाट बघताना मिस्तरी तिचं गुणगान गात होता.

"काश्मीर बगून आलीय ही, मावशी. हिमालय चडलीय."

"मंग दमली आसंल."

"सारा मुलूख फिरलीय!"

"आन घर कुनाचं केलं?"

मिस्तरी माझ्याकडं बघायला लागला. मी ठेचा खात होतो. मैलांचा काटा किती दाखवतो म्हणून मी उठून बघितलं, तर काटा बंद. मिस्तरी हसत म्हणाला, "ते बरंच की काका. वय वाडत न्हाई."

ही चिंचेखालून म्हणाली, "माजंबी वय कुनी लिवून ठिवलं न्हाई. म्हनून गुडगं दुकायचं थांबलं व्हय?"

साहेबानं विकली का, ह्याला मिस्तरीचं उत्तर, "बदली झाली."

"बदलीच्या गावाला रस्ता न्हाई?"

ऊन कलायला लागलं तेव्हा ही उठली. हात उलटा करून, बोटांच्या मागच्या अंगानं इंजनाला लावला. पोळलेला तळहात राखून. "हं. आता."

मिस्तरीनं किक मारली. फटफटी गप्प. दुसरी मारली, खोकली. तिसऱ्या किकेला काळा धूर सोडून पुन्हा गप्प. मिस्तरीच्या कपाळावर घाम. "जरा गारठा हाय," म्हणाला. चैत्राचं ऊन होतं. चौथ्या किकेला धरली, आणि धरली ती मात्र सोडली नाही. धड धड धड, एका लयीत. ही डोकं तिरकं करून ऐकत होती.

"चालवा," मला म्हणाली, आणि मी बसतो तोवर कासोटा सावरून, घोड्यावर बसल्यासारखी दोन्हीकडं पाय टाकून मागं बसली. धाब्यावरची माणसं चहा सोडून उभी राहिली. कुणीतरी शिट्टी मारली. हिनं माझा सदरा मागून मुठीत धरला.

भोरच्या रस्त्यानं थोडं लांब गेलो. चढ आला, तर कानाशी आवाज आला, "मारू नका त्येला. चालू द्या त्येच्या मनानं." मी जोर कमी केला. फटफटी खरंच आपल्या मनानं चढून गेली. वर थांबलो, तर हिचे डोळे मिटलेले. म्हटलं, "भ्यालीस व्हय?"

"भ्याया काय झालं? चाल बगत हुते."

"डोळं मिटून?"

"चाल डोळ्यानं बगत्यात व्हय?"

परत आलो. मिस्तरी आशेनं उभा. ही उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली, "उद्या सांगू." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. दिवसभर गिऱ्हाईक दारात बसवून घेतलं होतं त्यानं.

घरी आलो. हिनं शेळीला पाला टाकला, भात केला, तळहाताला खोबरेल लावलं. जेवताना मी विचारलं, "मंग? घ्यायची का?"

"सकाळी सांगते. बाप म्हनायचा, बगितल्या दिवशी व्हय म्हनायचं न्हाई. रातभर मनाच्या दावनीला बांधायचं. सकाळी तितंच उबं दिसलं तर आपलं."

"नुसतं सांग, बरी वाटली का वंगाळ?"

"म्हातारी हाय," म्हणाली. मग ताट ओढून घेत, "खोटी न्हाई."

आणि भांडी घासायला उठली.

सकाळी ती उठली नाही. मी आधी दोन हाका मारल्या. मग जवळ जाऊन हात लावला.

भावकी जमली. बायका रडत होत्या, पुरुष लाकडं कुठून आणायची ते बोलत होते. दादा ओट्यावर बसला, म्हणजे कोर्ट भरलं. निकाल तयारच होता. "उनाचं दिस हायती. दुपारच्या आत उरकाया पायजे."

"लेकीला आनाया पायजे," मी म्हणालो.

"निरोप धाडू की. संध्याकाळच्या गाडीनं जाईल. दहाव्याला यील ती."

"ती आल्याबिगर हिला कुनी हात लावायचा न्हाई."

"आरं, पर यील कशी ती? जाया संध्याकाळची गाडी, याया सकाळची. कायतरी बोलतोस."

मी घरात गेलो. कणगीमागून म्हशीच्या पैशांचं पुडकं काढलं आणि दुधाच्या गाडीत बसून कापूरहोळ गाठलं. पाठीमागं दादा ओरडत होता. काय, ते ऐकलं नाही.

मिस्तरी गॅरेजपुढं मिश्री लावत उभा होता. मला एकट्याला बघून हसला. "काय काका, येवड्या सकाळी? मावशी काय म्हनल्या?"

"घे म्हनली," मी म्हणालो.

पुडकं त्याच्या हातात दिलं. तो मोजायला लागला, मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. चूळ भरली, टाकीत पेट्रोल ओतलं, चाकांत हवा बघितली आणि स्वतःच किका मारून फटफटी चालू करून माझ्या हातात दिली. किमतीचं नाव काढलं नाही.

नसरापूर, आंबवणे, मार्गासनी. पुढं रस्ता असा नव्हताच, दगड आणि फुफाटा. लेकीला कसं सांगायचं ते वाटेनं जुळवत होतो. एक वाक्य जमवायचो, पुढच्या वळणावर ते वाईट वाटायचं, मग दुसरं.

फटफटीच्या आवाजानं पालीतली सारी आळी बाहेर आली. विहीणबाई दारात आल्या. लेक अंगण सारवत होती, शेणाच्या हातानं तशीच उठली. मला बघून हसली. आधी मागची जागा बघितली, मग माझ्यामागचा रस्ता बघितला, मग देवळाकडं मान वळवली.

"आई देवळात उतरली व्हय?"

वाटेनं जमवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. घशात धूळ साचली होती. मी म्हणालो, "पानी आन."

ती हलली नाही. नऊ वर्षांत त्या दारात मी पाणी मागितलं नव्हतं, आणि तिची आई असती तर तेव्हाही मागितलं नसतं. हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिचं तोंड बदलत गेलेलं मी बघितलं. मला सांगावं लागलं नाही.

शेणाचे हात धुऊन ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. मी अंगणात उभ्यानं सगळं पाणी प्यालो. मग फटफटी वळवली, लेकीला मागं बसवलं आणि दुपारच्या आत तिच्या आईपाशी नेलं.